सराफ्यात लागोसची पाहुणी



इंदूर सोडून पुणे, बंगळूर किंवा त्याहून लांब गेलेल्या आपल्या लोकांचा फोन आला की ख्यालीखुशालीनंतरचा प्रश्न हल्ली ठरलेला असतो. "काय रे, सराफा बंद होणार म्हणतात, खरं का?" विचारणाऱ्याने सराफ्यात पाऊल ठेवून चार वर्षं झालेली असतात, पण आवाजात काळजी अशी की घरातल्या कुणाला दवाखान्यात ठेवलंय.

ज्यांना हा विषय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. राजवाड्याला लागून असलेला सराफा दिवसा सोन्याचांदीचा बाजार असतो. रात्री आठ-नऊच्या सुमारास पेढ्यांची शटरं खाली येतात, आणि त्याच पेढ्यांच्या ओट्यांवर कढया, तवे, परातींचा संसार मांडला जातो. मग रात्री एक-दोनपर्यंत खाणाऱ्यांची जत्रा. सराफांनीच हे लोक रात्री बसू दिले, कारण गल्लीत माणसांची वर्दळ असली की चोर फिरकत नाही, असं जुनी माणसं सांगतात. आता मात्र काही सराफांचं म्हणणं असं की गर्दी फार वाढली, चिंचोळ्या गल्लीत गॅसचे सिलिंडर वाढले, उद्या आग लागली तर बंब आत कसा येणार? तेव्हा चौपाटी हलवा, नाहीतर निदान तिथे फक्त पारंपरिक पदार्थांचीच दुकानं ठेवा. मोमो, नूडल्स, पास्ता वगैरे मंडळींना बाहेर काढा.

सिलिंडरच्या बाबतीत मी पूर्ण सराफांच्या बाजूने आहे. त्या गल्लीत शनिवारी रात्री जो गेलाय, त्याला हे समजावून सांगायची गरज नाही. पण 'पारंपरिक' हा शब्द आला की मी जरा थांबतो. त्याचं कारण यंदाच्या जानेवारीतली एक रात्र आणि लागोसहून आलेली एक पाहुणी.

आमची कंपनी पैशांच्या ऑनलाइन व्यवहारांचं सॉफ्टवेअर बनवते. आमचा एक ग्राहक नायजेरियातल्या लागोस शहरात आहे. त्यांच्याकडची एक इंजिनिअर तीन आठवड्यांसाठी आमच्या ऑफिसात कामाला आली होती. वय माझ्याएवढंच, पस्तिशीच्या आसपास. तिचं नाव इथे देत नाही. तिला मराठी वाचता येत नाही, आणि न वाचता कशालाही मान्यता देणाऱ्यांपैकी ती नाही. तिच्या कोड-रिव्ह्यूमधून गेलेला कुणीही हे शपथेवर सांगेल.

आपल्याला आफ्रिका म्हटलं की इतिहासातला मलिक अंबर आठवतो, जंजिऱ्याचे सिद्दी आठवतात. ते आले आफ्रिकेच्या पूर्व अंगाकडून. मलिक अंबर तर इथिओपियाचा. पश्चिम आफ्रिका, म्हणजे नायजेरिया, घाना, सेनेगल हा सगळा अटलांटिककडचा प्रदेश, आपल्या बोलण्यात फुटबॉल सोडला तर येतच नाही. एकट्या नायजेरियाची लोकसंख्या 20 कोटींच्या वर आहे. योरुबा, हौसा, इग्बो अशा मोठमोठ्या भाषा, प्रत्येकीचं जेवण वेगळं. पाहुणी योरुबा भाषक, मूळची इजेबू भागातली.

पहिल्या आठवड्यात ती ऑफिसच्या कँटीनमध्ये पनीर आणि हॉटेलात टोस्ट यांवर जगली. दुसऱ्या सोमवारी तिने मला विचारलं, "इथे बुका कुठे आहे?"

बुका म्हणजे तिकडची साधी खाणावळ. पत्र्याचं छप्पर, बाकडी, मोठी पातेली, आणि पातेल्यांमागे उभी एक बाई. घानामध्ये अशाच जागेला चॉप बार म्हणतात. नायजेरियात बुकाचं आणखी एक लाडकं नाव आहे, 'मामा पुट'. इथे मामा म्हणजे आईचा भाऊ नव्हे, वाढणारी बाई. ताटली पुढे करून गिऱ्हाईक म्हणतं, "मामा, अजून घाल," म्हणून मामा पुट. आपल्याकडे पोह्यांच्या ठेल्यावर "भिया, सेव और डालो" म्हणतात, त्याचंच एखाद्याने दुकानाचं नाव करावं तसं.

इंदुरात पश्चिम आफ्रिकी जेवणाचं हॉटेल माझ्या तरी पाहण्यात नाही. मी म्हटलं, बुका नाही, पण रात्री दहाला जेवायला चालेल का? ती म्हणाली, चालेल, पण एक विचारू? तिथे गर्दी असते का? आणि मग तिने सांगितलं की निघताना तिच्या आईने तिला भारतात रात्री गर्दीत जाऊ नकोस असं बजावलं होतं. आईच्या डोक्यात 2017 होतं. त्या वर्षी मार्चमध्ये ग्रेटर नोएडात एका मुलाच्या मृत्यूनंतर जमावाने नायजेरियन विद्यार्थ्यांना मॉलमध्ये घुसून मारलं होतं. त्याआधी ही मुलं काय खातात याबद्दल वस्तीत इतक्या हीन अफवा पसरल्या होत्या की त्या इथे लिहवत नाहीत. आपण ती बातमी वाचली आणि पान उलटलं. लागोसमधल्या आयांनी मात्र ते पान उघडंच ठेवलंय.

मी बायकोला फोन केला. ती म्हणाली, "मी पण येते. आणि शनिवारी नको, मंगळवारी जाऊ." गर्दीच्या बाबतीत तिचा अंदाज माझ्यापेक्षा नेहमीच बरा असतो.

मंगळवारी साडेनऊला राजवाड्यापाशी गाडी लावून आम्ही तिघं चालत निघालो. थंडी चांगली होती. मी मनात क्रम ठरवला होता, आधी दहीबडा, मग भुट्ट्याचा कीस, वगैरे. तो क्रम पहिल्या दहा मिनिटांतच मोडला, कारण वाटेत एका गराडूवाल्याने कच्च्या गराडूंची रास लावली होती. मातकट, केसाळ, हाताच्या पंजासारखे वेडेवाकडे कंद. पाहुणी तिथे थांबली. एक कंद तिने उचलला, नखाने साल खरवडली, आतला पांढरा चिकट गर बघितला आणि मोठ्याने हसली.

"हे याम आहे! वॉटर याम. आम्ही याला एवुरा म्हणतो. हे इथे काय करतंय?"

तर मंडळी, गराडू म्हणजे यामच. आपल्या कोकणात ज्याला कोनफळ म्हणतात, गुजरातेत जे उंधियोत घालतात, त्याच जातीचा हा कंद. शास्त्रीय नाव डायोस्कोरिया अलाटा. ही जात आशियाकडची, ती फिरत फिरत आफ्रिकेत गेली. पण पश्चिम आफ्रिकेचा स्वतःचाही याम आहे, पांढरा याम, आणि तिकडे त्याला जो मान आहे तो आपल्याकडे कुठल्याच कंदाला नाही. जगात पिकणाऱ्या यामपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त पश्चिम आफ्रिकेत पिकतो, आणि एकट्या नायजेरियात त्यातला निम्म्याहून जास्त. इग्बो लोकांमध्ये नव्या यामचा सण असतो, आपल्या नवान्नासारखा. तो झाल्याशिवाय नवा कंद खायचा नाही. चिनुआ अचेबे यांची 1958 ची 'थिंग्ज फॉल अपार्ट' ही कादंबरी कुणी वाचली असेल तर आठवेल, त्यात पुरुषाची ऐपत त्याच्या यामच्या कोठारावरून मोजतात.

गराडूवाल्याने अर्धवट तळून ठेवलेले तुकडे पुन्हा कढईत सोडले. खरपूस झाल्यावर झाऱ्याने काढले, वर मसाला भुरभुरला, लिंबू पिळलं आणि दोन्यात दिले. पाहुणीने पहिला तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. मग म्हणाली, "डुनडुन." योरुबात तळलेल्या यामला डुनडुन म्हणतात. लागोसच्या रस्त्यावर बायका कढई घेऊन बसतात, एका बाजूला डुनडुन, दुसऱ्या बाजूला चवळीची भजी, आणि सोबत लाल मिरचीची झणझणीत चटणी. लिंबू मात्र तिकडे नसतं. ते तिला इतकं आवडलं की तिने स्वतःच आणखी एक फोड मागून घेतली.

मसाल्याबद्दल मात्र तिची तक्रार होती. "हे तिखट आहे असं तुम्ही म्हणालात ना?" मी गराडूवाल्याला सांगितलं, भिया, और मसाला. त्याने घातला. तिने खाल्लं, पुन्हा हात पुढे केला. त्याने पुन्हा घातला. तिसऱ्या वेळी त्याने मसाल्याचा डबाच तिच्यापुढे ठेवला आणि मला म्हणाला, "भिया, ये दीदी तो अपने से भी आगे निकली." नायजेरियात जी बुटकी, फुगीर मिरची वापरतात तिच्यापुढे आपली लवंगी वडीलधाऱ्यांसारखी समंजस वाटावी.

याच वेळी तीनचार पोरं मोबाईल काढून तिचे फोटो घ्यायला लागली. विचारलं नाही, सांगितलं नाही. एकाने तिच्याशेजारी उभं राहून सेल्फीही घेतला. ती खाता खाता थांबली. तिचा चेहरा बदलला नाही, फक्त खांदे जरा आत गेले. माझ्या तोंडातून काही निघायच्या आत गराडूवाला झारा हातात घेऊनच बोलला, "ओ भिया, फोटू-वोटू नी. मेहमान है, खाने दो." पोरं हसत हसत पांगली. पाहुणीने विचारलं, तो काय म्हणाला? बायकोने सांगितलं. तिने दोना तसाच धरून त्याच्याकडे बघून मान लववली आणि उरलेले तुकडे सावकाश खाल्ले.

बायको मला नंतर म्हणाली, तू इतका वेळ काय विचार करत होतास? तिच्या शब्दांना उत्तर नव्हतं. पुढे जातो.

भुट्ट्याचा कीस. किसलेला मका, तूप, मोहरी, हिंग, हिरवी मिरची, दुधात शिजवलेला, वर ओलं खोबरं आणि कोथिंबीर. या पदार्थाचं नाव हिंदी मुलखात असलं तरी 'कीस' हा शब्द बटाट्याच्या आणि रताळ्याच्या किसासोबत आपल्याच स्वयंपाकघरात वाढलेला वाटतो, आणि होळकरांच्या गावात त्याचं नवलही नाही. पाहुणीला नवल वाटलं ते खोबऱ्याचं. नायजेरियात पावसाळ्यात रस्त्यावर भाजलेलं किंवा उकडलेलं कणीस विकतात, आणि त्यासोबत चावायला ओल्या नारळाचा तुकडा देतात. मका आणि खोबरं ही जोडी तिच्या लेखी फक्त त्यांचीच होती. "तुम्हाला हे कुणी सांगितलं?" असं तिने अगदी गंभीरपणे विचारलं.

खरं म्हणजे मका दोघांचाही नाही. तो मेक्सिकोचा. कोलंबसाच्या 1492 च्या सफरीनंतर तो जगभर निघाला आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, आपल्या किनाऱ्यावर, दोन्हीकडे उतरला. मिरचीचंही तेच. म्हणजे मघाशी जिच्यावरून आमची चढाओढ चालली होती ती मिरची आमच्यापैकी कुणाच्याच खापरपणजीच्या खापरपणजीने पाहिलेली नव्हती.

जोशी दहीबड्याच्या दुकानापाशी तिने अर्थातच तो हवेत उडणारा दोना बघितला. दही-बड्याने भरलेला दोना वर फेकायचा, झेलायचा, थेंब सांडायचा नाही, आणि मग एकाच चिमटीत धरलेले वेगवेगळे मसाले एकेक करून भुरभुरायचे. हे इंदूरच्या माणसाने शंभरदा बघितलेलं असतं, तरी पाहुण्याच्या डोळ्यांनी ते पुन्हा बघायला मजा येते. दहीबडा खाताना ती बड्याकडेच जास्त बघत होती. तिकडे चवळी भिजवून, साल काढून, वाटून, फेटून तिची भजी तळतात, त्यांना अकारा म्हणतात. शनिवारी सकाळी घरोघरी अकारा आणि मक्याची आंबवलेली पातळ खीर. गुलाम करून ज्यांना ब्राझीलला नेलं त्यांनी अकारा सोबत नेला, तिथे तो अकाराजे झाला आणि आजही बाहियाच्या रस्त्यांवर विकला जातो. फेटण्यावर तिचा फार भर. पीठ पाण्यात टाकल्यावर तरंगलं पाहिजे, म्हणाली. माझी आईही उडदाच्या वड्यांचं पीठ असंच वाटीतल्या पाण्यात टाकून बघते.

आणि ही चवळी मूळची आफ्रिकेची. तिथून हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आली. इथे मला सराफ्यातून जरा बाहेर जाऊन बाजरीबद्दल सांगितलंच पाहिजे, कारण ही गोष्ट मला स्वतःला फार हलवून गेली. ज्या बाजरीच्या भाकरीवर आपला अर्धा महाराष्ट्र उभा राहिला, जी आपण संक्रांतीच्या भोगीला तीळ लावून खातो, ती बाजरी पश्चिम आफ्रिकेची आहे. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला, आजच्या माली देशाच्या भागात सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी लोक बाजरी पिकवत होते, याचे पुरावे मिळाले आहेत. तिथून ती भारतात आली. ज्वारीही आफ्रिकेचीच, पण खंडाच्या पूर्वेकडची. नायजेरियाच्या उत्तरेला हौसा लोक बाजरीचे उकडलेले गोळे आंबट दुधात कुस्करून पितात, त्याला फुरा दा नोनो म्हणतात. आपल्या आंबिलीची ही सख्खी चुलत बहीण. म्हणजे बाजरी त्यांच्याकडून इकडे आली आणि गराडूची जात आपल्या बाजूने तिकडे गेली.

आता साबुदाणा. सराफ्यातली खिचडी आपल्या घरच्यासारखी नसते हे तुम्हाला माहीत आहे. साबुदाणा वाफवून मोठ्या पातेल्यात मोकळा ठेवलेला असतो, मागणी आली की त्यात मसाला, लिंबू, मिरची, फराळी चिवडा घालून हलवून देतात. पाहुणीला हे मोती कशाचे ते ओळखता येईना. मी सांगितलं, कसावा. तिने मान्यच केलं नाही. कसावा असा दिसत नाही, म्हणाली. मग मोबाईलवर सेलमच्या कारखान्यांचे फोटो दाखवले तेव्हा पटलं.

कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. पोर्तुगीजांनी तो पश्चिम आफ्रिकेत नेला, केरळातही आणला. 1880 च्या दशकात त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी लोकांची उपासमार होऊ नये म्हणून त्याची लागवड वाढवली. आधी आपल्याकडे साबुदाणा येई तो पूर्वेच्या बेटांवरच्या सागो नावाच्या ताडाच्या गराचा. दुसऱ्या महायुद्धात ती आयात अडली आणि 1940 च्या दशकात तमिळनाडूत सेलमला कसाव्यापासून साबुदाणा करायचा उद्योग उभा राहिला. आपली 'पूर्वापार' खिचडी वयाने माझ्या आजीपेक्षा फार मोठी नाही.

नायजेरियात कसावा किसून, आंबवून, दाबून पाणी काढून, भाजून त्याचा रवा करतात, त्याला गारी म्हणतात. वसतिगृहातली मुलं महिनाअखेरीला पैसे संपले की गारी थंड पाण्यात भिजवतात, साखर घालतात आणि वर मूठभर शेंगदाणे टाकून खातात. कसावा आणि शेंगदाणे! हे ऐकल्यावर बायकोने लगेच विचारलं, "मग उपासाला चालेल का ते?" आंबवलेलं चालतं का, यावर आमची सराफ्यातच पाच मिनिटं चर्चा झाली. निर्णय आजीवर सोपवला.

आपली उपासाची यादी एकदा कागदावर मांडून बघा. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, रताळं, मिरची. सगळी अमेरिका खंडातली पाहुणेमंडळी. आणि ज्वारी-बाजरी, ज्या आपल्याकडे हजारो वर्षांपासून राहतात, त्या एकादशीला दाराबाहेर. आमच्या धंद्यातही असंच असतं. एखादं सॉफ्टवेअर आम्ही 'आमचं' म्हणून मिरवतो, आणि आत उघडून बघावं तर सगळ्या लायब्रऱ्या जगभरातून आणलेल्या. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त नव्या लायब्ररीला 'तू बाहेरची' म्हणताना जरा हळू बोलावं.

गोडाचा भाग मी लवकर संपवतो, कारण तो तिच्या बाजूने लवकर संपला. मावाबाटीचा एक घास, रबडीचा एक चमचा, आणि पाव किलोच्या जलेब्याकडे नुसतीच एक भयचकित नजर. जेवणानंतर गोड खायची रीत त्यांच्याकडे फारशी नाही. उरलेलं सगळं मी खाल्लं. कुणीतरी खायला हवंच होतं.

परत येताना तिने विचारलं, इथे मांस-मासळी कुठेच कशी नाही? एवढा मोठा रात्रीचा बाजार आणि सगळा शाकाहारी, हे तिला पटत नव्हतं. लागोसमध्ये रात्र म्हणजे सुया, म्हणजे मांसाचे पातळ काप काडीला ओवून, दाण्याच्या कुटाचा तिखट मसाला चोळून निखाऱ्यावर भाजलेले. घानाच्या आक्रात रात्री केलेवेले मिळतं, आलं-मिरची लावून तळलेली मोठी केळी, सोबत शेंगदाणे. ती म्हणाली, केलेवेले तुमच्या सराफ्यात सहज खपेल, शाकाहारीच आहे. मी क्षणभर विचार केला. एखाद्या आक्राच्या मुलाने उद्या त्या ओट्यावर कढई मांडली, तर त्याला 'पारंपरिक नाही' म्हणून उठवायचं की दहीबड्यांशेजारी सरकून जागा द्यायची? गराडूवाल्याने काय केलं असतं ते मला माहीत आहे.

त्या रविवारी तिला घरी जेवायला बोलावलं. दारातून आत आली आणि आजीला बघताच तिने गुडघे टेकले. योरुबा रीतच तशी आहे, मुली वडीलधाऱ्यांना गुडघे टेकून अभिवादन करतात. त्यांच्या भाषेत मोठ्यांना 'तू' म्हणत नाहीत, आपल्या 'तुम्ही'सारखं वेगळं सर्वनाम आहे. आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं, समजावून सांगायची गरजही पडली नाही. तिने डोक्यावर हात ठेवला, "शंभर वर्षांची हो" म्हणाली, आणि माझ्याकडे बघून, "शीक जरा." नायजेरियात मोठ्या बायकांना अदबीने 'मा' म्हणतात. त्यामुळे आजी मराठीत विचारायची, पाहुणी "येस, मा" म्हणायची, आणि संभाषण सुरळीत चालायचं. कोण कशाचं उत्तर देतंय हे दोघींनाही महत्त्वाचं वाटलं नाही.

आईने उपासाची म्हणून करतात ती शेंगदाण्याची आमटी केली होती. पाहुणीने ती भाताऐवजी पोळीच्या घडीत धरून खाल्ली. त्यांच्याकडे याम किंवा कसावा कुटून केलेला मऊ गोळा उजव्या हाताने तोडायचा, बोटाने त्यात खळगा करायचा आणि दाण्याच्या रश्शात बुडवून खायचा, असं चालतं. "हाच रस्सा," ती म्हणाली, "फक्त यात कोंबडी राहिली." आई जरा दचकली. भेंडीची भाजी मात्र तिला समजली नाही. भेंडी चिकट होऊ नये म्हणून आई जे लिंबू-ताकाचे उपाय करते, ते ऐकून ती चक्रावली. तिकडे भेंडीचं सार जितकं तार धरेल तितकं चांगलं.

गारी उपासाला चालते का, या प्रश्नावर आजीने दोन मिनिटं डोळे मिटून विचार केला आणि विचारलं, "तिकडे एकादशी असते का?" नसते, म्हटलं. "मग त्यांना रोजच चालते."

दुपारी पाहुणीने आमच्या स्वयंपाकघरात ओजोजो केला. ही इजेबू भागातली यामची भजी. सराफ्यातून मी कच्चा गराडू आणला होता. घरी करून बघायची असेल तर कृती देतो, फार सोपी आहे. अर्धा किलो गराडू किंवा कोनफळ घ्या. सोलताना हाताला तेल लावा, नाहीतर खाज सुटते. पाहुणीनेही हेच सांगितलं आणि आजीनेही, एकाच वेळी, आपापल्या भाषेत. बारीक किसणीवर किसा. त्यात बारीक चिरलेला एक कांदा, दोन-तीन मिरच्या आणि मीठ घालून हाताने चांगलं फेटा. पीठ, बेसन काहीही घालायचं नाही, कंदाचा स्वतःचा चिकटपणा पुरतो. मध्यम गरम तेलात लहान लहान गोळे सोडा आणि तांबूस होईपर्यंत तळा. आच मोठी ठेवलीत तर आतून कच्ची राहतात.

उपासाला करायची असल्यास कांद्याऐवजी जिरं आणि थोडं ओलं खोबरं घालावं, ही आजीची भर. पाहुणीने ती लिहून घेतली. गराडू थंडीपुरताच असतो, फेब्रुवारी उलटला की बाजारातून जातो, तेव्हा करायची असेल तर लवकर करा. वरून जीरावन भुरभुरायला हरकत नाही.